भैरूची करपलेली काहील

सन १९५७. पौष महिना, ऐन गुऱ्हाळाचे दिवस. पंचगंगेकाठच्या एका गावात भैरू नावाचा गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा जाणता, होता. रस उकळू लागला की नुसता बुडबुडा पाहून काहील, ती रसाची मोठी कढई, कधी उतरवायची ते तो सांगे. त्याची नजर चुकलेली गावाने पाहिली नव्हती.

त्या वर्षी त्याने दोन गुऱ्हाळे धरली. एकाचे काम दिवसा चाले, दुसऱ्याचे रात्री. भैरू एक दिवस इथे, तर एक रात्र तिथे.

बायको म्हणाली, "अवो, निजायची येळ रोज बदलतीय. अन्न अंगी लागंना तुमच्या."

"झोप पुरी घेतोय की! दिवसा निजलं काय, रात्री निजलं काय, डोळा त्योच."

शरीराला हे पटले नाही. दिवसा तो अंथरुणात तळमळे. अवेळी जेवण, मग पोटात आग. आणि पहाटे, नेमक्या कामाच्या वेळी, डोक्यात धुके भरे.

एका पहाटे रात्रीच्या गुऱ्हाळाचा मालक हिंदुराव याच्या उसाचा रस काहिलीत होता. खाली चुलवाणात जाळ घालणारा दौलू उसाची चिपाडे सारत होता. भैरूचा बसल्या जागी डोळा लागला. जाग आली ती करपल्याच्या वासाने. पाक काळा पडला होता.

हिंदुराव धावत आला, मागोमाग गुऱ्हाळावरची माणसे. "कुणी केलं ह्ये?"

भैरूच्या तोंडून निघून गेले, "दौलूनं जाळ जास्त घातला."

हिंदुरावाने दौलूला तिथल्या तिथे घालवले. जाताना दौलू भैरूपाशी थांबला. हळूच म्हणाला, "आण्णा, दोनदा हाक मारली म्या. घोरत हुतासा. चारचौघांत तुमची शोभा कशाला करू?"

भैरूची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी दौलूची बायको काम मागत फिरताना दिसली, तेव्हा तो वाट बदलून गेला. वाट बदलली याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मग एका सकाळी तीच माणसे हिंदुरावाच्या गुऱ्हाळावर जमली असताना तो उभा राहिला. "जाळ बरोबर हुता. मी निजलो हुतो. खोटं बोललो."

"गुळव्याच घोरला म्हणा की!" कोणीतरी हसले.

भैरूने ते ऐकून घेतले. रात्रीचे गुऱ्हाळ सोडले. करपलेल्या पाकाच्या भरपाईला हंगामभराचा आपल्या वाट्याचा गूळ हिंदुरावाच्या गाडीत चढवला. दौलूला घरून आणून आपल्या दिवसाच्या गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसवले.

तात्पर्य: निजण्याजेवण्याची वेळ शरीर स्वतः धरून असते, ती रोज मोडली, तर जाणत्याचीही नजर चुकते. आणि ज्या चारचौघांत दुसऱ्यावर खोटे घातले, त्याच चारचौघांत ते आपल्या अंगावर घ्यावे.