साहेबांचा आवाज

इचलकरंजीत एका सूतगिरणीचे मालक होते, तात्यासाहेब मगदूम. त्यांनी ऑफिसात फर्मान काढलं, "फोनवर गोड इंग्रजीच बोलायचं. समोरचा नाव सांगून प्लीज म्हणेपर्यंत फोन पुढे जोडायचा नाही, मग तो साक्षात ब्रह्मदेव का असेना!"

एकदा कागलजवळ त्यांचीच गाडी बंद पडली. भर उन्हात त्यांनी एसटीडी बूथ गाठला, गिरणीत फोन लावला आणि खेकसले, "ए, मॅनेजरला दे!"

फोनवर गिरणीची टेलिफोन ऑपरेटर शमीम मुजावर होती. मधाळ सुरात म्हणाली, "गुड आफ्टरनून. मे आय नो हू इज स्पीकिंग, प्लीज?"

"आवाज ओळखत नाहीस? घरी बसवीन!"

"सॉरी सर. युवर नेम, प्लीज?"

शेवटी घाम पुसत तात्यासाहेब पुटपुटले, "धिस इज मगदूम. मॅनेजर... प्लीज." फोन तत्काळ जोडला गेला.

संध्याकाळी त्यांनी शमीमला सगळ्या ऑफिससमोर उभं केलं. "खरं सांग, आवाज ओळखला होतास? ओळखला असशील तर तू उद्धट, नसशील तर बहिरी. दोघींनाही माझ्याकडे नोकरी नाही."

मॅनेजरने मान खाली घातली. पण पोरगी कसली घाबरते!

"आवाज तुमचाच वाटला, साहेब. पण बोलणं काही तुमचं वाटेना. असं खेकसणारा माणूस म्हणजे आमचे साहेबच, असं मी धरून चालले असते, तर तुमचा केवढा अपमान झाला असता!"

तात्यासाहेब आपल्या केबिनकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "गुड मॉर्निंग. मगदूम बोलतोय. मॅनेजरना देता का, प्लीज?"

"ओळखलं, साहेब!" शमीम म्हणाली.