झराईचं झाकलेलं तोंड

धारखोलच्या घाटातून बैलगाडीसुद्धा उतरत नव्हती, त्या काळची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका, मला जिनं सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. गावात तेव्हा चिमा गुरवीण होती. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, आणि ओढ्याकाठच्या झराईची पूजा तिच्याकडे आली. झराई म्हणजे काळ्या पाषाणाची देवी. नाकात दगडातच कोरलेली नथ, आणि ओठांवर असं हसू की बघणाऱ्या बाईला माहेर आठवावं. शेंदूर लावायचा तो फक्त पायांना, तोंड उघडं ठेवायचं, अशी रीत होती. चिमा रोज त्या तोंडावर पाणी घालायची आणि मनातलं सगळं तिला सांगायची. दुसरं होतं कोण तिला?

एकदा गावात टोपीवाला पाहुणा आला. गोड बोलणारा, नारळ मोठा आणलेला. तुळाजी पाटलानं त्याला घरी नेऊन जेवू घातलं. चिमाला मात्र तो माणूस खटकला. नमस्कार करताना लोक देवीच्या तोंडाकडे बघतात. हा बघत होता पायथ्याकडे, मूर्ती चौथऱ्यात बसवली आहे तिथे, आणि बोलता बोलता विती टाकून माप घेत होता.

पुढं थोड्याच दिवसांत तिच्या माहेरचा भैरोबा चोरीला गेला. चिमा धावत गेली. बघते तर चौथऱ्यावर नुसती खोबण, आणि तिची वहिनी त्या रिकाम्या खोबणीत पाणी घालून फुलं वाहतेय.

"परमुलखात इकत्यात म्हणं असं द्येव," वहिनी म्हणाली. "टोपीवाला यक भला मानूस दर्शनाला आला व्हता, त्याच्यामागनं झालं बग समदं."

चिमाला त्या पाहुण्याच्या विती आठवल्या! परत येताना तिच्या डोळ्यांपुढून ती खोबण हलेना. गावात सांगावं, तर पाटील त्या पाहुण्याच्या नादी लागलेला. आणि मनातला बेत गावाला सांगितला, तर बाजारच्या दिवशी साऱ्या गावाचं तोंड कोण धरणार? शेवटी तिनं घरातला होता नव्हता तो शेंदूर काढला, तेल घातलं, मेण घातलं, कणकेसारखा मळला आणि देवीपुढे बसली.

"आई, डोळं मीट," ती म्हणाली. "म्या सांगंन तवाच उघड."

आणि तिनं ते तोंड लिंपलं. नथ बुजवली, हसू बुजवलं. डोळ्यांपाशी आल्यावर तिचा हात अडला, असं म्हणतात. मग रडत रडत तिनं तेही लिंपले. राहिला एक तांबडा गोळा.

गाव नुसतं पेटलं! "आईचं तोंड बुजवलंस, रांडे?" इथपर्यंत लोक बोलले. शेंदूर खरवडायला गेलेल्यांचा हात तिनं धरला. पाटलानं तिच्या दारावरनं जाणं सोडलं, बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. चिमानं उलट शब्द काढला नाही. दर अमावास्येला नवा लेप द्यायची आणि घरी जायची.

मग एका दुपारी, गाव शेतावर असताना, टोपीवाला माणसं आणि पहारी घेऊन आला. चिमा पायरीवर वाती वळत बसली होती.

"मूर्ती कुठाय?"

"ही काय. हीच आमची आई."

त्यानं आत डोकावून बघितलं आणि त्याचा तोल सुटला. दोन्ही हातांनी तो शेंदूर ओरबाडू लागला. असं म्हणतात की टवकासुद्धा निघाला नाही, पण त्याचे हात मात्र कोपरापर्यंत लाल झाले. ते बघून त्याची माणसं पहारी टाकून पळाली. हा ओढ्यावर गेला, हात धुतले. राखेनं घासले, चिंचेनं घासले. छे! रंग उलट चढतच गेला.

घाटावरच्या बाजारात लोकांनी ते हात बघितले. "कुठल्या देवाला हात घातलास रं?" एवढं कोणीतरी विचारायचा अवकाश, गडी मटकन खाली बसला आणि सगळं ओकला. कोळशाच्या वखारीत, पोत्यांखाली, गावोगावचे देव निघाले. चिमाच्या माहेरचा भैरोबा वाजत गाजत परत गेला, आणि वहिनीनं खोबणीतली फुलं काढून त्याच्या पायांवर ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, मग चिमानं शेंदूर काढायचा की! नाही काढला. चोर सापडला होता, त्याला पैसे पुरवणारा धनी कुठे सापडला होता? ती दर अमावास्येला लेप देतच राहिली. पण तिचा जीव एका गोष्टीत अडकला होता. नजर मंदावत चालली होती, आणि ते हसू एकदा तरी पुन्हा दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

चैत्राच्या जत्रेला म्हातारी चिमा चाचपडत देवळात आली. सारं गाव जमलेलं. ती देवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आता उघड. माजं डोळं मिटत आल्यात."

असं म्हणतात की शेंदराचं ते जाडजूड कवच आपसूक सुटलं आणि धप्पकन खाली आलं. आत झराई, तश्शीच हसत! कवचाच्या आतल्या बाजूला चिमाची बोटं उमटलेली होती. चोरांच्या नजरेपासून राखायलाच तिनं आईचं तोंड झाकलं होतं, हे गावाला तेव्हा उमगलं. बायका हुंदके देऊ लागल्या. तुळाजी पाटलानं पागोटं काढून चिमाच्या पायांवर ठेवलं. "चिमाआई, आमची आई तू राखलीस गं," तो म्हणाला.

चिमा पोटभर बघत राहिली. मग म्हणाली, "माज्या पाया काय पडता? सांज व्हायच्या आत लिंपा पुन्यांदा."

आजही धारखोलात ते चालतं. चैत्रात गावातली सगळ्यांत म्हातारी बाई देवळात जपून ठेवलेल्या चिमाआईच्या त्या कवचापुढे पहिली ओटी भरते आणि मोठ्यानं विचारते, "चिमाआई, उघडू का गं?" सारं गाव श्वास धरून थांबतं. मग तोंड उघडतात, दिवसभर बघून घेतात, आणि सांजेला घरटी एक हात लागून ते पुन्हा लिंपलं जातं. एरवी तुम्ही त्या गावात जाऊन विचारा, तुमच्या देवळात बघण्यासारखं काय आहे? पोरापासून पाटलापर्यंत सगळे एकच सांगतील, अगदी साळसूदपणे, "काय न्हाई वो, शेंदराचा धोंडा हाय नुसता."