डबीची रिकामी बाजू

भट्टीवाडीच्या माणसाची डबी उघडली तर आत फक्त चुना सापडतो. खिंडीपलीकडच्या मळेगावच्या माणसाच्या डबीत फक्त तंबाखू. डबी दोघांचीही सारखीच, आठवड्याच्या बाजारात मिळते ती, दोन्ही टोकांना झाकणे असलेली. पण तिची एक बाजू जन्मभर रिकामी राहते आणि वापर नसल्याने आतून नवीकोरी चकाकते. तलफ आली की भट्टीवाडीचा माणूस मळेगावचा माणूस शोधतो, मळेगावचा भट्टीवाडीचा. कोणी भेटले नाही तर तलफ तशीच जिरवावी लागते. दोन गावांच्या मधल्या खिंडीत झऱ्याशेजारी एक सपाट काळा दगड आहे. त्यावर तळहाताएवढा खळगा आहे आणि तो पांढराशुभ्र आहे. त्या खिंडीत कोणी थुंकत नाही.

मी तिथे गेलो तो शैलजामुळे. शैलजा माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जबड्याच्या कर्करोगाने गेला, त्याला दोन वर्षे झाली. त्यानंतर तिने आरोग्य केंद्रातले हे काम मागून घेतले. गावोगाव जाऊन तंबाखू खाणाऱ्यांची तोंडे तपासायची आणि फॉर्म भरायचे. मला मोटारसायकल चालवता येते आणि वेळही असतो, म्हणून मी सोबत जातो.

खिंडीत तायाप्पा आबा दगडाला टेकून बसले होते. भट्टीवाडीचे लोणारी, चुना भाजणारे, वय ऐंशीच्या पुढे. शैलजाने त्यांच्या तोंडात टॉर्च मारून पाहिले, मग फॉर्म काढला.

"आबा, दिवसातून किती वेळा खाता?"

"गावंल तेवढ्या वेळा."

"तसं नाही चालत. इथे आकडा लिहायचाय."

"मग आकडा रंगरावाला इचार. त्यो मळेगावास्नं वर आला तर पाच. त्याचा गुडघा धरला तर काईच न्हाई."

त्यांनी डबी दाखवली. एक बाजू रिकामी पाहून शैलजाला वाटले, तंबाखू संपली. आबा हसले. "संपाया आधी भरावी लागती, पोरी. ह्या बाजूला माझ्या आज्यानं बी कधी काय भरलं न्हाई." आणि रंगराव येईपर्यंत वेळ होता म्हणून त्यांनी जे सांगितले, ते असे.

फार पूर्वी, डब्या यायच्याही आधी, माणसे तंबाखू कापडाच्या चंचीत बाळगत आणि चुना पितळी चुनाळ्यात. भट्टीवाडीला चुनखडी भाजत. मळेगावला नदीकाठच्या मळीत तंबाखू पिके, आणि असे सांगतात की तुळाजीच्या मळ्यातल्या तंबाखूला जो वास होता तो पुन्हा कोणत्या तंबाखूला आला नाही. तुळाजीला एक धाकटा भाऊ होता, राऊ. आईबाप लवकर गेले, तुळाजीनेच त्याला वाढवला. राऊ मोठा झाला तरी त्याने स्वतःची तंबाखू कधी मळली नाही. तुळाजी दोघांपुरती मळायचा, अंगठ्याने घोटायचा, तीन थापट्या मारून धूळ उडवायचा आणि हात पुढे करायचा. राऊ अर्धी उचलायचा. बोलणे फारसे नसेच.

एका वर्षी झऱ्याचे पाणी उतरले. मळेगावला तंबाखूच्या रोपांसाठी पाणी हवे होते, भट्टीवाडीला भाजलेला चुना विरवायला. मळेगावच्या लोकांनी चर खणून झरा आपल्याकडे वळवला. दुसऱ्या दिवशी भट्टीवाडीचे लोक आले आणि त्यांनी कळीच्या चुन्याच्या पाट्याच झऱ्यात ओतल्या. पाणी खदखदले. भांडण हातघाईवर आले. भट्टीवाडीच्या सटवाजीच्या डोळ्यांत उकळता चुना उडाला. डोळे मिटून, ओरडत, त्याने हातातले खोरे फिरवले. ते कोणाला लागले हे त्याला दिसले नाही. ते राऊच्या कानशिलात बसले.

राऊला अग्नी दिल्यावर तुळाजी गावच्या देवळात गेला आणि सगळ्यांसमोर बोलला, "सटवाजीचं रगत सांडंस्तवर तंबाखू तोंडात घालणार न्हाई." आबा म्हणाले, अन्न सोडतो म्हणाला असता तर लोकांनी समजूत घातली असती. तंबाखू सोडतो म्हटल्यावर कोणी बोलले नाही. सगळ्यांना कळले की हा आता मारणार.

दोन्ही गावांनी खिंड टाकली. भट्टीवाडीत तंबाखू मिळेना, मळेगावात चुना मिळेना. माणसे चिडचिडी झाली. बायका तेवढ्या सुखी होत्या, म्हणे. मिशरीला चुना लागत नाही, आणि घरात तंबाखूचा साठा होताच. पहाटे दात घासत त्या नवऱ्यांकडे बघून हसायच्या.

तुळाजी मात्र रोज पहाटे कुऱ्हाड घेऊन खिंडीत येऊन बसे. सटवाजी एक दिवस झऱ्यावर येईल, हे त्याला ठाऊक होते. हात रिकामा होता, पण हाताची सवय गेली नव्हती. त्याचा अंगठा रिकाम्या तळव्यावर फिरत राही. घोटून झाले की तीन थापट्या. मग हात पुढे होई आणि त्याच्या ध्यानात येई. तो हात मागे घेई, आणि थोड्या वेळाने अंगठा पुन्हा सुरू. असे महिनाभर चालले. तळव्याची कातडी सोलवटून निघाली.

मग एका पहाटे खिंडीत धुके भरले होते, हाताला हात दिसत नव्हता. सटवाजी महिनाभर डोळे बांधून पडून होता. पट्टी सुटली, पण उजेड-अंधारापलीकडे त्याला काही दिसत नव्हते. भट्टीवर त्याचा उपयोग उरला नव्हता. झऱ्यावर यायला गाव घाबरत होता आणि पाणी तर लागतच होते. तो म्हणाला, मी जातो, वाट माझ्या पायांना पाठ आहे. घागर घेऊन तो चाचपडत आला आणि झऱ्यापाशी थबकला. धुक्यातून आवाज आला. अंगठा घोटल्याचा. मग तीन थापट्या.

तंबाखू खाणारा माणूस तो आवाज झोपेतही ओळखतो. सटवाजीला महिनाभर चिमूटही मिळाली नव्हती. कोण आहे, कुठला आहे, हे त्याने विचारलेच नाही.

"पाव्हनं," तो म्हणाला, "मळताय न्हवं? चुना माझा घ्या, पर मला बी एक चिमूट द्या." आणि बसला. चुनाळे उघडून त्याने बोटभर चुना काढला, चाचपत समोरचा हात शोधला आणि त्या तळव्यावर ठेवला.

तुळाजीच्या सोललेल्या तळव्याला चुना झोंबला. त्याने आवाजावरून सटवाजीला ओळखले होते. कुऱ्हाड मांडीवर होती. पण समोर हात पसरलेला होता, आणि मळणाऱ्याने पसरलेल्या हाताला नाही म्हणायचे नसते. हे दोघेही लहानपणापासून शिकलेले होते. तुळाजीजवळ स्वतःची तंबाखू नव्हती. कमरेला फक्त राऊची चंची होती. राऊने शेवटची मारलेली गाठ तिला अजून तशीच होती.

तुळाजीने ती गाठ सोडली. का सोडली, हे कोणी सांगत नाही. मी आबांना विचारले. त्यांनी खांदे उडवले आणि पुढे गेले.

त्याने राऊची तंबाखू तळव्यावर घेतली, चुन्यात घोटली, तीन थापट्या मारल्या. सवयीने दोघांपुरतीच घेतली होती. सटवाजीने अर्धी उचलली आणि ओठात ठेवली. मग त्याने पाणी भरायला आणलेली घागर हळूच बाजूला सारली.

"ह्या तंबाखूचा मळा मला ठावा हाय," तो म्हणाला. "तुळाजी, तू हाईस न्हवं?"

सटवाजीने डोक्याचे पागोटे काढून खाली ठेवले आणि मान वाकवली. तुळाजी उठला, कुऱ्हाड वर झाली. आणि तो म्हणाला, "आधी थुक. राऊची तंबाखू तोंडात घिऊन मरू नगंस."

सटवाजी थुंकला नाही.

इथे दोन गावांचे अजून पटत नाही. भट्टीवाडीचे म्हणतात, मेलेल्याची तंबाखू थुंकायची नाही, या मानापोटी तो थुंकला नाही. मळेगावचे म्हणतात, कसला मान, थुंकला असता तर डोके उडाले असते. आबा म्हणाले, "म्या भट्टीवाडीचा. पर खरं सांगू? दोनी असंल."

तुळाजी कुऱ्हाड घेऊन समोर बसला. सटवाजी तोंड मिटून बसला. धुके उतरले, ऊन चढले. तोंड भरून आले तसा सटवाजी रस गिळत गेला. दुपारी त्याने तंबाखूही गिळली. मग त्याचे डोके फिरले, घाम सुटला, हातपाय गार पडले आणि तो दगडावर कलंडला. आता तर थुंकायचे काही उरलेच नव्हते. तुळाजीने कुऱ्हाड उचलावी आणि काम संपवावे, इतके सोपे होते.

तो झऱ्यावर गेला. त्याने ओंजळीने पाणी आणून सटवाजीच्या तोंडावर मारले. मग त्याला पाठीवर घेतले आणि चढ चढून भट्टीवाडीत नेले. एका हाताने पाठीवरचा माणूस धरलेला, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. लोक दारे लावून फटीतून बघत होते. तुळाजीने त्याला त्याच्या ओट्यावर ठेवले आणि एकच वाक्य बोलला, "उद्या चुना घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी सटवाजी आला. आणि रोज येऊ लागला. तुळाजी दोघांपुरती मळायचा. अर्धी सटवाजीला द्यायचा, अर्धी दगडावर ठेवायचा, राऊचा वाटा म्हणून. स्वतः खायचा नाही. रक्त सांडलेले नव्हते, त्यामुळे शपथ उतरलेली नव्हती. भागात सगळ्यात चांगली तंबाखू पिकवणारा माणूस तीस वर्षे तंबाखूवाचून जगला. सटवाजीनेही ठरवले की तंबाखू घरात ठेवायची नाही, खायची तर तुळाजीच्या हातची. झऱ्याचे पाणी वाटून घ्यायला फार बोलावे लागले नाही, म्हणे. सकाळचे मळेगावला, दुपारनंतरचे भट्टीवाडीला.

तुळाजी गेला तेव्हा सटवाजीला कोणी कळवले नाही. तो खिंडीत येऊन बसला, चुना बोटावर घेऊन, हात पुढे करून. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मळेगावचा एक माणूस वर चढून आला, त्याच्यासमोर बसला आणि तंबाखू मळू लागला. तेव्हापासून दोन्ही गावांनी तसे धरले. एकाने चुना बाळगायचा, एकाने तंबाखू. राऊचा वाटा दगडावर ठेवायचा. आणि खिंडीत थुंकायचे नाही.

दगडातला खळगा पाण्याने झालेला असावा, असे मला वाटले. आबांनीही तो पांढरा कसा राहतो ते लपवले नाही. "आमीच बोटं पुसतो की," ते म्हणाले.

शैलजाने फॉर्म मिटला होता. तिने पिशवीतून एक डबी काढली. माझ्या भावाची. ती तिच्याजवळ आहे हे मला माहीत नव्हते. दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. रुग्णालयात नेले त्या दिवशी होत्या तशाच.

"आबा," तिने विचारले, "ज्याचं माणूस ह्यानंच गेलं, त्यानं दगडावर काय ठेवायचं?"

आबांनी डबीला हात लावला नाही.

"तुळाजीनं काय ठिवलं? न खाल्ल्यालं ठिवलं," ते म्हणाले. "ह्यात बी न खाल्ल्यालंच हाय की, पोरी."

तिने तंबाखूची बाजू उघडली आणि खळग्यात उलटी केली. बोटाने तळ साफ केला. दुसऱ्या बाजूचा चुना दगडासारखा घट्ट झाला होता, तो निघेना. तिने दोन्ही झाकणे लावली आणि डबी पुन्हा पिशवीत ठेवली. वाऱ्याने खळग्यातली थोडी तंबाखू उडाली.

तेवढ्यात खालून काठी टेकत रंगराव आले.

"कुटं उलथला हुतास रं?" आबा ओरडले. "सकाळधरनं चुना बोटावर वाळला."

"तुझा चुना वाळला, माझी जीभ वाळली. गुडघा बघ की म्हाताऱ्याचा."

शैलजाने आधी रंगरावांचे तोंड तपासले. गालात आत एक पांढरा चट्टा होता. तिने बाजारच्या दिवशी केंद्रात यायला बजावले आणि आबांना त्यांना घेऊन यायला सांगितले. मग तिने आबांचा फॉर्म उघडला. 'दिवसातून किती वेळा' या रकान्यात आकड्याशिवाय काही चालत नाही, हे तिला माहीत होते. तिने लिहिले, 'भेट होईल तेवढ्या वेळा.'

आजही भट्टीवाडीच्या डबीत एक बाजू रिकामी असते आणि मळेगावच्या डबीत दुसरी. आजही खिंडीत मळणारा अर्धा वाटा आधी दगडावर ठेवतो, आणि थुंकायचे झाले तर खिंड उतरून जातो. शैलजाच्या पिशवीतल्या डबीतही आता एक बाजू रिकामी आहे. ती तिने पुन्हा भरलेली नाही.