शेवटचं शून्य

"म्हणजे दोष गेला म्हणतोस?"

"गेलाच, बाई. साफ गेला," निरंजन म्हणाला.

वत्सलाबाई ओसरीवर तगरीची फुलं ओवत बसल्या होत्या. संगणकाचा कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारा गाभा, लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निरंजन त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

एका इस्पितळात हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं मधूनच बंद पडत होती. दुरुस्ती निरंजनने केली होती. दुपारी ती यंत्रं पुन्हा पेशंटच्या उशाशी जायची होती.

"काय केलंस?"

"कर्नलमध्ये प्रत्येक कामाला नाव असतं. नाव संपलं हे कळावं म्हणून शेवटी शून्य. वाचणारा शून्य दिसेपर्यंत वाचत सुटतो. एक प्रोग्रॅम नाव बदलत असताना दुसरा वाचायला आला, की त्याला शून्य सापडत नाही, तो पुढचं भलतंच वाचत जातो आणि यंत्र बंद पडतं. म्हणून मी बदलणंच इतकं वेगवान केलं, की मधे शिरायला फट नाही. आधी नवी अक्षरं, लगेच शून्य. लाख वेळा चालवून पाहिलंय!"

बाईंनी नवा दोरा सुईत ओवून त्याच्या हातात दिला.

"ओव. भरभर."

कर्नलचं बोलायला आलो आणि फुलं काय ओवायची! पण बाईंना नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्याने सपासप पंधराएक फुलं ओवली.

बाईंनी सुई धरून माळ उचलली...

सगळी फुलं फरशीवर.

"अहो बाई! गाठ मारणारच होतो मी. शेवटी."

"हं... उचलणाऱ्याला ते कसं कळावं?"

कितीही भरभर लिहिलं, तरी वाचणारा शून्याच्या आधी येऊ शकतोच, हे निरंजनच्या आत्ता लक्षात आलं.

त्याने इस्पितळात फोन लावला. "यंत्रं हलवू नका. माझी चूक आहे."

मग खाली बसून त्याने फुलं गोळा केली. आधी दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली.

"शून्य आधी," तो हळूच म्हणाला. "नावासाठी ठेवलेल्या जागेच्या अगदी टोकाला. आणि ते कुणी कधी पुसायचंच नाही."

बाईंनी उरलेली फुलं त्याच्याकडे सरकवली.

सहा फुलं ओवून झाल्यावर तो पुन्हा अडला. "पण बाई, मधेच कुणी वाचलं, तर यंत्र बंद पडणार नाही, पण नाव अर्धं जुनं, अर्धं नवं निघेल..."

बाईंनी ती अर्धी माळ त्याच्या हातातून घेतली, आणि सुई लोंबत असतानाच कोनाड्यातल्या गणपतीला घातली.

"देव फुलं मोजत नाही रे. गाठ बघतो."