चटईबाहेरचे पाय

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांना नावंसुद्धा नव्हती. जी जवळून वाहायची ती आपली नदी, एवढीच ओळख. अशाच एका नदीच्या काठी चटया विणणाऱ्यांचं एक गाव होतं. काठावर लव्हाळं उदंड वाढायचं. ते कापायचं, वाळवायचं आणि विणायचं, यातच सगळ्या गावाचा दिवस जायचा.

त्या गावात घराची एक रीत होती. नवं लग्न झालेल्या जोडप्याला गाव राहायला घर द्यायचं. टेकाडावर एका ओळीत अशी पाच घरं होती, पाचही एका मापाची. एक खोली आणि मागे चुलीपुरती पडवी. ओसरी नाही, माळा नाही. भिंतींच्या कडेने रांजण, कणगी, पेटी. आणि मधोमध एकच मोठी चटई. ही घरं कुणाच्या मालकीची नव्हती. सगळे त्यांना ‘पहिलं घर’ म्हणायचे.

पहिल्या घरात राहायचं किती दिवस? तर चटईवर सगळ्यांचे पाय मावतील तितके दिवस. वर्षातून एकदा, सुगी आटोपली की, गावातली सर्वांत वडील बाई पहाटेच टेकाडावर यायची. तिला म्हणायचेच मोजणीआजी. ती दार हळूच ढकलायची आणि झोपलेल्यांचे पाय बघायची. कुणाचा पाय चटईबाहेर जमिनीवर आलेला दिसला, की घर लहान पडलं असं ठरायचं. मग अख्खं गाव कामाला लागायचं आणि खाली आमराईच्या बाजूला नऊ दिवसांत मोठं घर उभं करायचं. रिकामं झालेलं पहिलं घर पुढच्या जोडप्याला मिळायचं. घर रिकामं झाल्याशिवाय पुढच्या लग्नाच्या अक्षता पडायच्या नाहीत.

आजीने मात्र फक्त पाय बघायचे, प्रश्न विचारायचे नाहीत, असाही नियम होता. घरची बाई “मावतो आम्ही” म्हणाली, की आजी पुढच्या दाराकडे वळायची.

असं गाव कुठे असतं का, असं कुणी विचारेल. नसेल, तर ती चूक गावांची आहे, गोष्टीची नाही.

टेकाडावरच्या तिसऱ्या घरात आवडा नावाची बाई राहायची. आवडाचे आईबाप ती पाच वर्षांची असतानाच गेले होते. गावाने तिला उपाशी ठेवलं नाही. आज या घरी जेवायची, उद्या त्या घरी. पण झोपायला मात्र ओसरी. जेवणं झाली, की घरातली माणसं आत जायची आणि आतून कडी लागायची. आवडा बाहेर. कुणी वाईट वागलं, असं नाही. कुणी काही विचारलंच नाही. पण त्या कडीचा आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही.

म्हणून लग्नानंतर तिने टेकाडावरच्या या घराचं दार पहिल्यांदा आतून लावलं, तेव्हा ती कितीतरी वेळ दाराला पाठ टेकून उभीच राहिली. नवरा, भिवा, म्हणाला, “अगं, येणार कोण आहे? सोड की दार!”

“कुणी येईल म्हणून नाही हो,” ती म्हणाली. “मी आत आहे, म्हणून.”

ते घर तिने जिवापाड सांभाळलं. महिन्यातून दोनदा सारवायची. चटईची एक काडी सुटली, तरी हातातलं काम टाकून ती विणायला बसायची. थोरली तानी झाली, मग तीन वर्षांनी मुलगा, मग जुळ्या मुली. मधेच भिवाची म्हातारी आईही त्यांच्याकडे राहायला आली. दिवा मालवला, की आवडा अंधारात हात फिरवायची. एक डोकं, दोन डोकी, तीन, चार. उठावं लागायचं नाही. सगळी जवळ, सगळी एका दाराच्या आत. मग तिला झोप लागायची.

पण पोरं वाढतात. त्यांना कोण थांबवणार?

एके दिवशी सासू म्हणाली, “सूनबाई, काल मी कूस बदलली आणि तिघं जागी झाली. आज कूस बदलायच्या आधी हाळी देऊ का?”

भिवा हसला, पण मग हळूच म्हणाला, “आवडे, आजीला सांगू या का? आमराईकडे जागा चांगली आहे. दोन खोल्या होतील.”

“दोन खोल्या म्हणजे मधे भिंत,” आवडा म्हणाली. “भिंतीपलीकडच्या लेकराने हाक मारली आणि मला ऐकू आली नाही, तर? काही नको. मावतो आपण.”

आणि मावावं म्हणून ती नाना युक्त्या करू लागली. पेटी पडवीत नेली. पोरांना आडवं न झोपवता तिरपं झोपवलं. स्वतः रांजणाला टेकून बसल्या बसल्या डुलकी काढू लागली. मोजणीच्या दिवशी तर ती कोंबड्याच्याही आधी उठायची. तानीला घागर देऊन नदीवर पाठवायची, सासूला पडवीत चिंचा फोडायला बसवायची आणि उरलेल्यांचे पाय चादरीत गुंडाळून ठेवायची.

आजी डोकवायची. “आवडे, म्हातारी या वेळी चिंचा फोडते म्हणजे नवलच.”

“वय झालं आजी, झोप येत नाही त्यांना.”

“माझंही वय झालंय गं. मला तर फार झोप येते,” आजी म्हणायची. मग थोडा वेळ दारात थांबायची. आवडा म्हणायची, “मावतो आम्ही.” आजी काठी टेकत पुढे जायची.

अशी तीन वर्षं गेली. बाकीच्या चार घरांत नुकती लग्नं झालेली जोडपी होती, त्यांचे पाय अजून दहा वर्षं चटईबाहेर येणार नव्हते. त्यामुळे नावाड्याचा मुलगा राघू आणि त्याची ठरलेली नवरी केसर यांचं लग्न खोळंबलं होतं. राघू कधी टेकाडाखालून जायचा आणि वर बघून ओरडायचा, “वहिनी, पोरांना जरा दूध-तूप घाला की! उंची वाढू द्या!”

“तुझ्या लग्नासाठी माझी पोरं ताणू का रे?” आवडाही वरून ओरडायची. बायका हसायच्या. पण एकदा तिने केसरला पाण्यावर पाहिलं. केसर तिला बघून नुसती बाजूला सरकली आणि तिला आधी घागर भरू दिली. त्या दिवशी आवडाला भाकरी गोड लागली नाही.

घरात भांडणं वाढली. याचं कोपर त्याच्या डोळ्यात, तिचा गुडघा हिच्या पोटात. सगळ्यांत जास्त ओरडा बसायचा तानीला, कारण ती आता आईच्या खांद्याला लागली होती आणि तिचे पाय कसेही ठेवले, तरी कुणाला तरी लागायचेच. मग एका हिवाळ्यापासून तानी अचानक शांत झाली. तक्रार नाही, भांडण नाही. उजाडताना बघावं, तर आपल्या कोपऱ्यात गुमान पडलेली.

आवडा नवऱ्याला म्हणाली, “बघा, सवयीने सगळं होतं. म्हणत नव्हते मी?”

भिवा विळा उचलून लव्हाळं कापायला निघून गेला.

पुढे एका पहाटे आवडाची चूल पार विझली. निखारा शोधून सापडेना. पोरं उठायच्या आत पेज व्हायला हवी, म्हणून ती पडवीतूनच खापर घेऊन विस्तव मागायला निघाली. टेकाडावरच्या घरांत कुणी उठलं नव्हतं. खाली तेलिणीकडे मात्र घाणा लवकर सुरू व्हायचा, म्हणून ती तिकडे गेली.

तेलिणीच्या ओसरीवर कुणीतरी झोपलं होतं. पोत्यावर एक लेकरू, अंगावर जुनेरं, पाय लांब, अगदी सरळ. ‘कुणाचं बाई हे पोरकं लेकरू!’ आवडाच्या मनात आलं आणि अंगावरचं जुनेरं नीट करायला ती वाकली.

ती तानी होती.

खापर हातातून सुटलं आणि फुटलं. तानी दचकून उठली. आईला बघून तिने आधी पाय पोटाशी घेतले.

“आई, रागवू नकोस,” ती घाईघाईने म्हणाली. “रोज तुझा हात फिरवून झाला, की मी मागच्या पडवीतून येते. उजाडायच्या आत परत जाते. आज जरा डोळा लागला जास्त.”

“कधीपासून?”

“थंडीपासून.”

आवाज ऐकून तेलीण बाहेर आली. ती म्हणाली, “मी किती वेळा म्हटलं, आत ये पोरी, गारठशील. तर म्हणते कशी, ‘नको मावशी, आमचं घर चांगलं आहे, फक्त माझे पाय लांब झालेत.’ मला वाटलं, तुला ठाऊक असेल गं.”

आवडाने लेकीला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

तानीने मान खाली घातली. “सांगितलं असतं, तर तुझं घर गेलं असतं. तुला ते फार आवडतं ना.”

आवडा तिथेच ओसरीच्या कडेला बसली. ज्या घराने तिला ओसरीवरून उचलून आत नेलं, त्याच घरासाठी तिची लेक ओसरीवर येऊन झोपली होती. कडी तिने स्वतः आतून लावली होती. रोज डोकी मोजली होती, आणि रोज एक डोकं बाहेर होतं.

थोड्या वेळाने ती उठली. विस्तव घ्यायचा राहिलाच. तानीचा हात धरून ती सरळ मोजणीआजीच्या दाराशी गेली. मोजणीला अजून चार महिने होते.

आजी अंगणात दात घासत होती. “काय गं आवडे? एवढ्या सकाळी?”

“आजी, आमचे पाय चटईबाहेर आलेत.”

“किती?”

“तेलिणीच्या ओसरीपर्यंत.”

आजीने तानीकडे पाहिलं. चूळ भरायचीही ती विसरली. मग तिने दोघींना पायरीवर बसवलं.

“तुम्हाला माहीत होतं ना आजी?” आवडाने विचारलं. “मी खोटं बोलते ते?”

“घर लहान पडलंय, हे दिसत होतं. तुझ्या मनात काय आहे, तेही थोडं कळत होतं. तुला त्या ओसऱ्यांवर मी पाहिलंय, आवडे. तेव्हाही मी काही विचारलं नाही. मग आता घर सोड म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? वाटलं, हिचं हिला सांगू दे.” आजीने तानीचा हात हातात घेतला. “पोर बाहेर झोपतेय, हे मात्र ठाऊक नव्हतं. असतं, तर नियम चुलीत घातला असता.”

“मला वाटलं, मोठ्या घरात माणसं लांब जातील.”

“जवळ यायला लहान घर लागतं गं. दोघांना एकमेकांची सवय व्हावी, म्हणूनच ते लहान बांधलंय. पण जवळ राहायला जागा लागते. जागाच नसेल, तर जो सगळ्यांत समजूतदार असतो, तोच आधी बाहेर जातो.”

आवडाने तानीच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच दुपारी गावाने कुदळी उचलल्या. राघू सगळ्यांत आधी आला आणि सगळ्यांत जोरात खणू लागला. सासू त्याला म्हणाली, “हळू रे, विहीर नाही काढायची!” नऊ दिवसांत आमराईच्या कडेला घर उभं राहिलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि चटया तीन. ओसरीवर कुणी झोपायचं नाही, असं आवडाने पहिल्याच दिवशी बजावलं. उन्हाळ्यातसुद्धा नाही.

सगळं एकदम सुरळीत झालं, असं मात्र नाही. आवडाला कितीतरी दिवस नीट झोप लागेना. डोकी मोजायला आता उठावं लागायचं, भिंतीला हात लावत दुसऱ्या खोलीत जावं लागायचं. भिवा म्हणायचा, “वाटेला शिदोरी घेत जा.” आणि तानी? एवढी मोठी चटई, पण ती कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊनच झोपायची. सवय तिलाही झाली होती. आवडा रोज तिच्याजवळ बसून तिचे गुडघे हळूहळू चोळायची. पाय सरळ व्हायला पूर्ण एक पावसाळा गेला.

मोजणीची रीतही बदलली. त्या वर्षापासून आजी पाय बघायच्या आधी डोकी मोजू लागली. कमी भरलं, की दारातच बसायची आणि विचारायची, “उरलेलं कुठे आहे?” उत्तर मिळेपर्यंत ती उठायची नाही.

राघू-केसरच्या अक्षता मोठं घर झालं त्याच महिन्यात पडल्या. तिसऱ्या घराची चटई आवडाने स्वतः नवी विणून दिली. केसर उंबऱ्यातून आत गेली, चारी भिंतींकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगंबाई, केवढं मोठं घर! दोघं यात हरवून जाऊ!”

बाहेर उभी असलेली आवडा खूप दिवसांनी मोठ्याने हसली. मग मुलांना हाका मारत आमराईच्या वाटेला लागली.

तात्पर्य : घर माणसांच्या मापाचं करावं, माणसं घराच्या मापाची करू नयेत.