बांधाबाहेरचे जोडे

गावच्या सामाईक मळ्यात घरटी एक वाफा होता, आणि वर्षातून एक दिवस मळा सगळ्यांना बघायला खुला असे. यंदा त्या दिवशी खुद्द राजेसाहेब आले. बांधाबाहेर त्यांचे हत्ती सोंडा हलवत उभे राहिले.

"इथे आम्हाला महाल बांधायचाय," राजेसाहेब गरजले. "हा मळा पूर्वजांची ठेव म्हणता ना? मग एखादा शिलालेख दाखवा. नाहीतर आत्ता हत्ती आत घालतो!"

मळेकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दरवर्षी खणली जाणारी माती, तिच्यात शिलालेख कुठला? त्यांनी कारभारीण चिमाक्काला पुढे ढकललं. तिची वर बघायची छाती होईना, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. आणि खाली बघता बघता तिला काहीतरी दिसलं.

"सरकार," ती म्हणाली, "आपले जोडे कुठेत?"

राजेसाहेबांनी आपल्या चिखलाने माखलेल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "बांधाबाहेर काढले."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मळ्यात कुणी जोडे घालून येतं का? आमचे आबासाहेब काढायचे, त्यांचे वडीलही..." राजेसाहेब बोलता बोलता थांबले.

"हाच आमचा शिलालेख, सरकार. हत्ती खुशाल आत घाला. फक्त आधी आपण जोडे घालून आत या."

राजेसाहेब बांधापाशी गेले, जोडे घातले, पण मळ्याकडे पाऊल काही उचलेना. शेवटी त्यांनी हत्ती माघारी वळवले.