पिलांवर पडलेले पीस

एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी अंतोबा नावाचे वृद्ध गुरुजी राहत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी चालू ठेवल्या होत्या. एक मासेमारी, आणि दुसरी म्हणजे कोणी मन मोकळे करायला आले तर ऐकून घेणे. एकदा त्यांचा जुना विद्यार्थी विश्राम त्यांच्याकडे आला. आता तो शहरातला नामवंत वकील होता, पण त्या संध्याकाळी त्याचा चेहरा उतरलेला होता.

"गुरुजी, मी ताईशी संबंध तोडायचं ठरवलंय," तो म्हणाला. "तुम्ही एकदा हो म्हणा, म्हणजे माझं मन स्वस्थ होईल."

त्याची थोरली बहीण तळ्यापलीकडच्या गावात राहत असे. वर्षभरापूर्वी तिचा नवरा वारला होता आणि शिवणकाम करून ती आपल्या लेकीला, चारूला, वाढवत होती. त्या दुपारी विश्राम तिच्याकडे जेवायला गेला होता. जेवताना त्याने विषय काढला, की चारूला माझ्याकडे पाठव, शहरातल्या चांगल्या शाळेत घालतो. ते ऐकताच ताईने त्याच्या पुढ्यातले ताट उचलले, त्याची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि शेजाऱ्यांदेखत त्याला चोर म्हटले. जिने त्याला कडेवर खेळवले होते, तिनेच.

गुरुजींनी होकारही दिला नाही आणि नकारही. ते एवढेच म्हणाले, "आज इथेच राहा. सकाळी माझ्याबरोबर होडीत चल."

विश्रामला याचा अर्थ लागला नाही. तरी तो गेला.

गुरुजींच्या गळाला आमिष नसे. बांबूच्या लवचिक काठीला बारीक दोरा, आणि त्याच्या टोकाच्या गळावर कोंबड्याची रंगीत पिसे बांधलेली. ती पाण्यावर टेकली की एखादी माशी उतरल्यासारखी वाटे. त्यांना मरळ मासळी हवी होती. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल राहते आणि बाणासारखी झेपावते. गुरुजींनी फेक कशी करायची ते दाखवले आणि काठी विश्रामच्या हाती दिली.

सकाळ सरली, मासा लागला नाही. न राहवून विश्रामने विचारले, "गुरुजी, ताईचं मी काय करू?"

"दोरा थोडा सैल सोड," गुरुजी म्हणाले.

हे आपल्या प्रश्नाचे उत्तर की मासेमारीची सूचना, हे विश्रामला कळेना. त्याने दोरा सैल सोडला.

दुपारी होडी कमळांच्या पानांपाशी आली. तिथे एका जागी पाणी तांबूस दिसत होते आणि बारीक बारीक थरथरत होते. गुरुजी पाठमोरे बसून होडीत साचलेले पाणी उपसत होते. त्या थरथरीखाली काहीतरी असणार, असे वाटून विश्रामने पीस नेमके तिथेच टाकले. क्षणात पाणी फुटले आणि काठी कमानीसारखी वाकली. बऱ्याच झटापटीनंतर हातभर लांबीची मरळ होडीत आली.

"बघा गुरुजी, किती अधाशी," तो हसत म्हणाला. "साध्या पिसालाही भुलली."

गुरुजींनी वळून आधी मासा पाहिला, मग ते तांबूस पाणी पाहिले. त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी हात ओला केला, माशाच्या ओठातून गळ हळुवार सोडवला आणि मरळ पाण्यात सोडून दिली.

विश्राम थक्क झाला. "गुरुजी, तुम्ही मासे खाता. काल आपण माशाचंच कालवण जेवलो. मग हिलाच का सोडलंत?"

"वल्हं घे," गुरुजी म्हणाले. "तो पाणकावळा येतोय. पाण्यावर आपट."

विश्रामने वल्हे आपटले. पक्षी दूर गेला आणि पुन्हा आला. भर उन्हात ते दोघे त्या थरथरत्या पाण्याभोवती पक्षी हाकत राहिले. आपण हे कशासाठी करतो आहोत, ते विश्रामला कळत नव्हते. त्याचा घसा कोरडा पडला, थोडा रागही आला. अखेर त्या तांबूस पाण्याखाली एक काळी सावली येऊन स्थिरावली.

"आली," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी वल्हे खाली ठेवले. मग तांबूस पाण्याकडे बोट करून ते सांगू लागले,

"हे तांबडं दिसतंय ना, ती तिची पिलं आहेत. श्वास घ्यायला वर येतात आणि ती खाली राखण करते. तू म्हणालास अधाशी. तिला भूक नव्हती, विश्राम. तुझं पीस तिच्या पिलांवर पडलं, म्हणून ती धावली."

विश्राम पाण्याकडे पाहत म्हणाला, "पण मी तर चारूच्या भल्याचंच बोललो होतो."

"तुझ्या मनात काय होतं, ते तुला माहीत. तिला ऐकू आलं ते इतकंच, की कोणीतरी आपली मुलगी न्यायला आलंय. नवरा गेल्यावर तिच्याजवळ तेवढीच उरलीय."

"म्हणजे ती बरोबर आणि मी चूक?"

"ते मला सांगता येणार नाही. शहरातली शाळा चांगलीही असेल. पण तू जो द्वेष समजून संबंध तोडायला निघालास, तो द्वेष नव्हता."

विश्रामच्या मनातला गोंधळ मिटला नाही. ज्या रागाच्या आधारावर तो आला होता, तो मात्र आता हाती लागेना. त्याने गुरुजींना पलीकडच्या काठाला उतरवायला सांगितले.

ताई शिवणयंत्रावर बसली होती. तिने मान वर केली नाही. "कशाला आलास?"

"मलाही नीट कळलेलं नाही," तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला. "चारूला न्यायला मात्र आलेलो नाही."

यंत्र थांबले. ताईने हातातले कापड उगाच सरळ केले, पुन्हा सरळ केले.

"शाळा सुटेल आता तिची," ती म्हणाली. "आत ये. तिला भेटून जा."